कोंबड्या कोण नेतं? मुक्त सोडलेल्या गावरान कोंबड्यांना शिकाऱ्यांपासून कसं वाचवायचं?

'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण मुळात कोंबडं झाकायचं कशाला, हा प्रश्न शहरात वाढलेल्यांना पडू शकतो. गावाकडे त्याचं उत्तर सोपं आहे. दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी रात्री उघड्यावर राहिली, तर सकाळी ती असेलच याची खात्री नसते. म्हणून दिवेलागणीला कोंबड्या 'डालायच्या', म्हणजे डालग्याखाली झाकायच्या किंवा खुराड्यात कोंडायच्या, ही पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे.

गेल्या काही वर्षांत गावरान अंडी आणि चिकनची मागणी वाढली. शेतघरावर, फार्महाऊसवर, अगदी शहराच्या कडेला असलेल्या बंगल्यांच्या आवारातही लोक दहा-वीस कोंबड्या पाळू लागले आहेत. यातल्या बऱ्याच जणांचा पहिला मोठा फटका खाद्याच्या खर्चाचा किंवा रोगाचा नसतो. एका सकाळी खुराडं उघडलं की आत फक्त पिसं सापडतात.

असं का होतं? कोंबड्या नेमकं कोण नेतं? आणि कोणत्याही प्राण्याला न मारता त्या वाचवायच्या कशा? समजून घेऊ.

प्रश्न किती मोठा आहे?

२०१९ मध्ये झालेल्या २०व्या पशुगणनेनुसार देशात एकूण ८५ कोटी १८ लाख कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी होते. त्यातले जवळपास ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले, म्हणजे घराच्या मागेपुढे किंवा मोकळ्यावर पाळलेले होते. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती.

परसातल्या कोंबड्यांचं अर्थकारण छोटं असतं, पण घरासाठी महत्त्वाचं असतं. अनेक घरांत कोंबड्या बाईच्या हातात असतात. अंडी विकून आलेले पैसे, सणाला विकलेला कोंबडा, पाहुणा आल्यावर घरातच झालेली सोय हा सगळा तिचा हिशेब असतो.

एक साधं गणित करून पाहू. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली १२ अंडी ठेवली आणि त्यातून १० पिल्लं निघाली. त्यातली ३ घारीने, २ मुंगसाने आणि १ मांजराने नेलं, तर मोठी होतात फक्त ४. पुढच्या वेळी ८ वाचली, तर एकही रुपया जास्तीचं खाद्य किंवा औषध न लागता कळप दुप्पट वाढतो. म्हणजे शिकाऱ्यांपासून संरक्षण ही परसातल्या कुक्कुटपालनातली सर्वांत स्वस्तात होणारी उत्पन्नवाढ आहे.

बिबट्याने गाय किंवा शेळी मारली तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. पण मुंगूस, घार किंवा भटक्या कुत्र्याने नेलेली कोंबडी सहसा अशा कोणत्याच हिशेबात येत नाही. ते नुकसान घरालाच सोसावं लागतं.

एकाच रात्रीत सगळ्या कोंबड्या का मरतात?

'खायला एक पुरेशी होती, मग दहा का मारल्या?' हल्ला झालेल्या घरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्राणी 'चटावला' किंवा 'सूड घेतला' अशी उत्तरंही दिली जातात. खरं कारण वेगळं आहे.

हान्स क्रूक या डच प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या वागण्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या किनाऱ्यावर गल पक्ष्यांच्या वसाहतीत कोल्ह्यांनी आणि आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर तरसांनी एकाच रात्रीत गरजेपेक्षा कितीतरी जास्त शिकार केल्याच्या घटना त्यांनी तपासल्या. त्यात एक गोष्ट समान होती. रात्र गडद अंधारी होती आणि भक्ष्य पळत नव्हतं.

जंगलात एक शिकार झाली की बाकीचे प्राणी पळून जातात आणि शिकार तिथेच थांबते. खुराड्यात मात्र कोंबड्यांना पळायला जागा नसते. त्यातच कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे ती दांडीवर जागच्या जागी बसून राहते किंवा भिंतीवर आदळत राहते. समोरची फडफड थांबत नाही, तोवर शिकारी प्राण्याची मारण्याची प्रवृत्तीही थांबत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. अर्धवट बंद असलेलं खुराडं हे पूर्ण उघड्या जागेपेक्षाही धोक्याचं असू शकतं. शिकारी आत शिरू शकतो पण कोंबडी बाहेर पडू शकत नाही, अशी जागा म्हणजे सापळाच.

शिकारी कोण, हे कसं ओळखायचं?

उपाय करण्याआधी चोर ओळखणं गरजेचं आहे. घारीसाठी केलेला उपाय मुंगसाला चालत नाही आणि कुत्र्यासाठी केलेला सापाला चालत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात: हल्ला कधी झाला, मागे काय उरलं आणि आत येण्याची वाट कुठे आहे.

दिवसा पिल्लू गायब, कुठेही खूण नाही: घार, शिक्रा किंवा कावळा. शिक्र्याचा विणीचा हंगाम साधारण मार्च ते जून असतो. घरट्यात पिल्लं असतात तेव्हा त्याच्या फेऱ्या वाढतात. कावळे लहान पिल्लं आणि अंडी दोन्ही पळवतात.

दिवसाढवळ्या मोठी कोंबडी मारली, मानेवर किंवा डोक्यावर चावा: मुंगूस. आपल्याकडचं राखाडी मुंगूस दिवसा फिरतं. त्यामुळे 'रात्री तर कडी लावली होती' हे त्याच्या बाबतीत उपयोगाचं नाही. अंडी फोडून खाणं हीसुद्धा त्याची सवय आहे.

रात्री एखादी कोंबडी उचलून नेली, पिसांची ओळ कुंपणापर्यंत: रानमांजर (काही भागांत याला बाऊल म्हणतात) किंवा कोल्हा. कोल्हा बहुतेक वेळा संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे येतो.

रात्री छपराकडून शिरकाव, कौल किंवा पत्रा सरकलेला: उदमांजर. कोकणात याला कांडेचोर म्हणतात. ते झाडावर आणि छपरावर सहज चढतं.

अनेक कोंबड्या मेलेल्या, पण खाल्लेल्या नाहीत: बहुतेकदा कुत्रे. दार ढकललेलं, जाळी वाकलेली, जमीन उकरलेली आणि आवारभर पिसं विखुरलेली दिसतात.

अंडी किंवा पिल्लं गायब, बाकी सगळं जागच्या जागी: साप. मोठी कोंबडी मेलेली आणि तिचं डोकं-मान ओलसर, पिसं चिकटलेली दिसली, तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलेलं असू शकतं. अंडी खाण्यात घोरपडही मागे नसते.

लहान पिल्लं कुरतडलेली, भिंतीच्या कडेला बीळ: उंदीर किंवा घूस. यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

खात्री होत नसेल, तर संध्याकाळी खुराड्याभोवती बारीक माती किंवा राख पसरून ठेवावी. सकाळी पावलांचे ठसे मिळतात. मांजरवर्गातल्या प्राण्यांच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत. कुत्रा आणि कोल्ह्याच्या ठशात ती दिसतात.

शिकारी की रोग?

एक घाई टाळायला हवी. कोंबड्या मेलेल्या आहेत पण अंगावर जखम नाही, काही कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्यात, हिरवट पातळ विष्ठा दिसतेय, तर हा राणीखेत म्हणजे मानमोडी रोग असू शकतो. मेलेली कोंबडी रात्री कुत्र्याने किंवा मुंगसाने ओढून नेली की दोष त्याच्यावर येतो आणि रोग कळपात पसरत राहतो. अशा वेळी लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत, खोल पुरावेत. उघड्यावर टाकलेली कोंबडी कुत्रे आणि कोल्ह्यांना आवाराची वाट दाखवते.

रात्र: खुराडं कसं असावं?

अंधार पडल्यावर होणारं बहुतेक सगळं नुकसान एका चांगल्या खुराड्याने थांबतं. चांगलं म्हणजे महागडं नव्हे. कोकणात जांभ्या चिऱ्याचं, देशावर विटा-पत्र्याचं, तर विदर्भात लाकूड-बांबूचं खुराडं चालतं. फक्त पुढच्या गोष्टी सांभाळायला हव्यात.

जागा: मोठ्या कोंबडीला साधारण एक ते सव्वा चौरस फूट जागा लागते. म्हणजे १० कोंबड्यांसाठी ४ फूट बाय ३ फूट खुराडं पुरतं. खुराडं घराच्या नजरेत असावं, परसाच्या टोकाला नको. आतला आवाज घरात ऐकू यायला हवा.

जाळी: इथे सर्वांत जास्त चूक होते. बाजारात मिळणारी पातळ षटकोनी कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने ओढून फाडू शकतो आणि मोठ्या छिद्रांतून लहान मुंगूस शिरू शकतं. खुराड्याच्या खिडक्यांना आणि खालच्या भागाला अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डमेश जाळी लावावी. अंडी गिळण्याइतका मोठा साप त्यातून सहसा येऊ शकत नाही. जाळी खिळे वाकवून अडकवण्याऐवजी लाकडी पट्टी आणि स्क्रूने घट्ट बसवावी.

जमीन: उकरून आत येणारे प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतात. म्हणून जाळीचा दीड-दोन फुटांचा पट्टा खुराड्याबाहेर जमिनीलगत आडवा पसरून त्यावर दगड-माती टाकावी. प्राणी पायथ्याशी उकरायला लागला की जाळी आड येते. शक्य असेल तर तळाला कोबा करावा किंवा खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच खांबांवर ठेवावं. जास्त पावसाच्या भागात याचा दुहेरी फायदा होतो, कारण आतली जागा कोरडी राहते.

छप्पर आणि फटी: पत्रा आणि भिंत यांच्यातली फट हा उदमांजराचा दरवाजा असतो. ती जाळीनेच बंद करावी, प्लास्टिकने नाही. हवा खेळती राहिली नाही तर विष्ठेच्या वासाने कोंबड्यांना श्वासाचे त्रास होतात.

दार: नुसतं टेकवलेलं फळकूट किंवा दोरी पुरेशी नाही. कडी-कोयंडा लावावा. दार बंद केल्यावर चौकटीत बोट जाईल इतकी फट राहत असेल, तर ती आधी बुजवावी.

वेळ: कोंबड्या अंधार पडायच्या आधी स्वतःहून बसायला येतात. त्याच वेळी मूठभर दाणे खुराड्यात टाकायची सवय लावली की एकही बाहेर राहत नाही. रोज मोजणी करावी. झाडावर बसायची सवय लागलेली तलंग पहिल्या आठवड्यातच खाली आणावी. नंतर ती सवय मोडणं अवघड जातं.

डालगं वापरत असाल तर ते उघड्या अंगणात न ठेवता पडवीत किंवा घरात ठेवावं आणि वर जड दगड ठेवावा. कुत्रा रिकामं वजन सहज उलटवतो.

पिल्लं: पहिले सहा आठवडे सर्वांत धोक्याचे

मोठ्या कोंबडीला घार सहसा उचलत नाही. पण पिल्लाला घार, कावळा, मांजर, मुंगूस, साप, घूस या सगळ्यांपासून धोका असतो. म्हणून पिल्लांसाठी वेगळा विचार करावा लागतो.

गावरान कोंबडीची एक मोठी जमेची बाजू म्हणजे ती खुडूक बसते, पिल्लं काढते आणि त्यांच्यासाठी लढते. पंख फुगवून घारीच्या अंगावर जाणारी कोंबडी ही पिल्लांची पहिली राखणदार असते. वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती वजनाला आणि अंड्यांना चांगल्या आहेत. पण त्यांच्यात खुडूक बसण्याचं प्रमाण फार कमी असतं आणि पिल्लं उबवणी केंद्रातून आणलेली असतात. त्यांना आईच नसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजासाठी म्हणूनच सुमारे सहा आठवडे बंदिस्त संगोपन करून मगच मोकळं सोडण्याची शिफारस केली जाते.

हेच तत्त्व गावरान पिल्लांनाही लावता येतं. पहिले काही आठवडे आई आणि पिल्लं जाळीच्या पेटीत किंवा वरून झाकलेल्या छोट्या आवारात ठेवावीत. जुन्या मच्छरदाणीची किंवा शेडनेटची चौकटही दिवसा चालते, पण रात्री पिल्लं पक्क्या खुराड्यातच हवीत. पिल्लं एकाच वेळी निघतील असं नियोजन केलं, तर राखण एकदाच करावी लागते. वर्षभर दोन-दोन पिल्लं निघत राहिली तर शिकाऱ्याला वर्षभर खाद्य मिळत राहतं.

रंगाचाही फरक पडतो. पांढरी कोंबडी हिरव्या-तपकिरी परसात लांबून दिसते. परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या जाती रंगीत पिसांच्या असण्याचं हे एक कारण आहे.

दिवस: मोकळ्या कोंबड्यांना आडोसा हवा

कोंबडी ही मूळची रानकोंबड्यांच्या वंशातली, झुडपांखाली चरणारी. तिला उघड्या मैदानापेक्षा झाडोऱ्याखाली सुरक्षित वाटतं. त्यामुळे परसात दर पंधरा-वीस फुटांवर पळून लपता येईल असा आडोसा असावा. केळीचा खुंट, शेवगा, अडुळसा, वेलीचा मांडव, काहीही चालतं. झाड नसेल तर जुनी बाज किंवा चार विटांवर ठेवलेला पत्राही पुरतो. घार आली की पिल्लं त्याखाली पळतात.

मात्र खुराड्याच्या अगदी भोवती दाट झुडपं, लाकडाचा ढीग किंवा विटांचा खच नको. तिथे मुंगूस आणि साप दबा धरून बसतात. म्हणजे कोंबड्या चरतात तिथे आडोसा असावा आणि खुराड्याभोवती आठ-दहा फूट जागा मोकळी, झाडलेली असावी.

सोडण्याची वेळही महत्त्वाची आहे. पहाटे अंधारात सोडण्याऐवजी चांगलं उजाडल्यावर सोडावं. कोल्हा आणि रानमांजराची फेरी तोवर संपलेली असते.

कोंबडं ओरडतं तेव्हा काय सांगतं?

कोंबड्यांचा कलकलाट एकसारखा वाटतो, पण तसा तो नसतो. १९९३ मध्ये क्रिस इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर या संशोधकांनी कोंबड्यांच्या धोक्याच्या हाकांवर प्रयोग प्रसिद्ध केले. आकाशातून येणाऱ्या शिकाऱ्यासाठीची हाक आणि जमिनीवरून येणाऱ्यासाठीची हाक वेगळी असते, असं त्यात दिसलं. एवढंच नाही, तर नुसती ध्वनिमुद्रित हाक ऐकवली तरी कोंबड्या त्यानुसार वागतात. आकाशातल्या धोक्याची हाक ऐकली की त्या आडोशाकडे पळतात. जमिनीवरच्या धोक्याची हाक ऐकली की मान ताठ करून आजूबाजूला पाहतात.

घरच्या माणसालाही काही दिवसांत हा फरक कळू लागतो. बारीक, लांबलेला किंचाळीसारखा आवाज आला की वर पाहावं. थांबत-थांबत चढत जाणारा 'कक्-कक्-कक्' असा सततचा गोंगाट आला की कुंपणाकडे पाहावं. कळपात एक तरी जागरूक कोंबडा असावा, यामागचं कारण हेच आहे.

साप: आधी उंदीर रोखा

साप खुराड्यात अंड्यांसाठी येतो, पण आवारात तो बहुतेकदा उंदरांच्या मागे आलेला असतो. रात्री भांड्यात उरलेलं खाद्य, सांडलेले दाणे, उघडी पोती यामुळे उंदीर वाढतात. म्हणून खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवावं, संध्याकाळी भांडी उचलावीत आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत.

अंधारात खुराड्यात हात घालू नये. आधी टॉर्च मारून पाहावं. अंडी देण्याच्या टोपलीत नाग किंवा घोणस असू शकते. अंड्यापेक्षा हात महत्त्वाचा.

खालच्या बाजूला नायलॉनची मासेमारीची जाळी लावणं टाळावं. त्यात साप अडकतो, सोडवता येत नाही आणि अडकलेला साप जवळ येणाऱ्यासाठी जास्त धोक्याचा असतो. साप दिसला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' १९२६ या क्रमांकावर कळवावं.

बिबट्याच्या भागात काय करावं?

बिबट्या मुख्यतः कोंबड्यांसाठी गावात येत नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या जनावरांचा दिसला. त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता.

याचा अर्थ असा की कोंबड्यांच्या राखणीसाठी बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याच्या भागात स्वतःच भक्ष्य ठरू शकतो. अशा गावांत कुत्राही रात्री बंदिस्त जागेत हवा. कोंबड्यांची आतडी-पिसं, चिकनच्या दुकानाचा कचरा उघड्यावर टाकला की कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. खुराड्यात बिबट्या शिरला किंवा अडकला तर जवळ जाऊ नये, मोबाईलवर व्हिडीओ काढायला गर्दी करू नये. दार लांबून बंद राहू द्यावं आणि वनविभागाला बोलवावं.

व्हायरल उपाय: खरे किती?

चकचकीत सीडी आणि रिबिनी लटकवणं: घार आणि कावळ्यांवर काही दिवस परिणाम होतो, नंतर पक्षी सरावतात. जागा बदलत राहिलं तर थोडा उपयोग.

रात्रभर दिवा लावणं: कुत्रा, मांजर दिव्याला सरावतात. दिव्यामुळे किडे आणि किड्यांमागे बेडूक, साप येतात. माणूस किंवा प्राणी आल्यावरच पेटणारा सेन्सरचा दिवा त्यापेक्षा बरा.

फिनाइल, कार्बोलिक ॲसिड किंवा लसणाचं पाणी शिंपडणं: याने साप येत नाही, हा गैरसमज आहे. फटी बुजवणं हाच उपाय.

फोरेटचे दाणे टाकणं: अत्यंत धोकादायक. हे कीटकनाशक इतकं विषारी आहे की भारतात त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोंबड्या जमिनीवरचे दाणे टिपतात, त्यामुळे त्याच आधी मरतात. लहान मुलांनाही धोका असतोच.

कुंपणात घरातली वीज सोडणं: बेकायदा आणि जीवघेणं. अशा तारांनी माणसंही दगावतात. कुंपण हवंच असेल तर प्रमाणित, सौरऊर्जेवर चालणारं झटका मशीन वापरावं.

गिनी फाऊल पाळणं: हे पक्षी अनोळखी हालचालीवर मोठा गोंगाट करतात. राखण म्हणून उपयोग होतो, पण स्वतःचं रक्षण त्यांनाही करता येत नाही. तेही रात्री बंदच हवेत.

मारून टाकलं तर?

कोंबडी गेल्यावर राग येणं स्वाभाविक आहे. पण मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घार, शिक्रा, घोरपड, नाग, धामण हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त बंदुकीने मारणं नाही. विष घालणं, फासे लावणं, सापळ्यात पकडणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच मोडतं.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. घोरपड, अजगर आणि बिबट्या याच अनुसूचीत आहेत. माणसाचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर कायदा सूट देतो. कोंबडी वाचवण्यासाठी अशी सूट नाही. भटक्या कुत्र्यांना विष घालणंही गुन्हाच आहे.

कायदा बाजूला ठेवला, तरी मारण्याचा फायदा टिकत नाही. एक मुंगूस मेलं की काही दिवसांत रिकाम्या जागेत दुसरं येतं, कारण फट तशीच असते. विष घातलेलं मांस मुंगसाबरोबर घार, घुबड, गावातला कुत्रा आणि कधी स्वतःची मांजरही खाते. शिवाय महिन्यातून दोन पिल्लं नेणारं मुंगूस किंवा धामण उरलेले दिवस उंदीर आणि घुशी खात असते. ते गेलं की उंदीर वाढतात आणि दाणे, अंडी, पिल्लं यांचं नुकसान दुसऱ्या वाटेने सुरू होतं.

हल्ला झालाच, तर पहिले २४ तास

एकदा कोंबडी मिळालेला प्राणी बहुतेक वेळा पुन्हा येतो, अनेकदा दुसऱ्याच रात्री. म्हणून त्याच दिवशी पुढची कामं करावीत.

१. उरलेल्या कोंबड्या मोजाव्यात. जखमी असतील त्या वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर बाकीच्या त्यांना टोचतात. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन पशुवैद्यकाला दाखवावी.

२. मेलेले पक्षी, पिसं आणि फुटलेली अंडी उचलून पुरावीत.

३. आत यायची वाट शोधावी. दिवसा खुराड्यात शिरून दार बंद करावं. जिथून उजेड दिसतो ती प्रत्येक फट तपासावी.

४. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत कोंबड्या पडवीत, गोठ्याच्या बंद कोपऱ्यात किंवा घरात ठेवाव्यात. त्याच खुराड्यात 'आजची रात्र बघू' म्हणून ठेवू नयेत.

५. शेजाऱ्यांना सांगावं. एका घराने खुराडं पक्कं केलं की शिकारी पुढच्या घरी जातो. चार घरांनी मिळून केलं तरच तो वस्तीबाहेरच्या उंदरांकडे वळतो.

थोडक्यात

मुक्त सोडलेल्या कोंबड्या शंभर टक्के सुरक्षित ठेवता येत नाहीत. वर्षाकाठी एखाद-दुसरं पिल्लू घार नेणारच. पण सगळा कळप एका रात्रीत जाणं मात्र टाळता येतं. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत: अंधार पडायच्या आत कोंबड्या मोजून पक्क्या खुराड्यात बंद करणं, पिल्लांना पहिले सहा आठवडे जाळीत सांभाळणं आणि दिवसा चरताना त्यांना पळून लपायला आडोसा ठेवणं.

आज संध्याकाळी कोंबड्या डालताना खुराड्याला टॉर्च घेऊन एक फेरी मारून पाहा. दोन बोटं जातील अशी फट सापडली, तर दुरुस्ती तिथूनच सुरू करा.